शांत असलेला पाळीव बॉल पायथन (लहान, बिनविषारी अजगर) अचानक फुत्कारून अंगावर का येतो?

बऱ्याचदा तो कात टाकायच्या बेतात असतो, स्वभाव बिघडलेला नसतो. डोळे निळसर-दुधी आणि पोटाकडचे खवले गुलाबी दिसत असतील तर त्याला धड दिसत नाही, म्हणून मान मागे घेऊन फुत्कारणं ही निव्वळ भीती. डोळे पुन्हा स्वच्छ झाले की साधारण आठवड्याभरात कात पडते. तोवर हात लावू नका.

डोळे स्वच्छच असतील आणि न फुत्कारता थेट झडप घालत असेल, तर ती भूक. हाताला उंदराचा वास असतो. साबणाने हात धुवा, कागदाच्या सुरळीने त्याच्या अंगाच्या मधोमध हलकेच स्पर्श करा, मग बाजूने उचला. डोक्यावरून हात कधीच नेऊ नका, त्याच्या लेखी वरून येतो तो शिकारी पक्षी. खाल्ल्यावर 48 तास उचलू नका.

मग त्याची राहायची पेटी तपासा: गरम बाजू 31 ते 33 अंश, थंड 25 ते 27, आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास, आणि दोन्ही टोकांना अंगाला घट्ट बसेल अशी लपायची जागा. मुंबईत रात्रभर एसी चालला की हवा कोरडी पडते, पावसाळ्यात उलट पेटीत अंथरलेला भुसा ओलाच राहतो. शेजारच्या फ्लॅटमधलं ड्रिलिंगही त्याला बिथरवायला पुरतं, कंपन त्याला थेट जाणवतं.

मात्र तोंड उघडं ठेवून श्वास घेत असेल, तोंडातून फेस येत असेल किंवा एकाच ठिकाणी हात लागताच झटका देत असेल, तर हे उपाय सोडा आणि सरपटणारे प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.