पूर आराखडा आणि ग्रामसभा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचं गाव नदीकाठी आहे. १ मेच्या ग्रामसभेत आपत्ती व्यवस्थापन आराखडा अगदी शेवटी, 'आयत्या वेळचे विषय' म्हणून आला. वाचून कुणी दाखवला नाही, पण प्रोसिडिंगला (सभेच्या इतिवृत्तात) 'सर्वानुमते मंजूर' असं लिहिलं. आम्ही सह्या हजेरीसाठी केल्या होत्या. आता हरकत घेता येईल का? (एक वाचक, शिरोळ तालुका)

येईल. पुढच्या ग्रामसभेत पहिला विषय असतो मागील सभेचं प्रोसिडिंग वाचून कायम करण्याचा. बहुतेक जण तेव्हा अजून येत असतात, म्हणून तो दोन मिनिटांत उरकतो. तुम्ही वेळेवर जा, 'आराखड्याचं वाचन झालं नाही, चर्चा झाली नाही' असं लेखी द्या आणि ते कायम करण्याआधी नोंदवायला लावा. अर्जाची एक प्रत आवक क्रमांकासह स्वतःकडे ठेवा. पुढच्या खेपेला नोटीस निघण्याआधीच अर्ज द्या, म्हणजे आराखडा विषयपत्रिकेवर क्रमांकासह येईल.

गणपूर्तीकडेही लक्ष असू द्या. ग्रामसभेला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यातली कमी संख्या लागते. तेवढे न जमल्यास सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. मग आठ-दहा जणांसमोर अख्ख्या गावाचा आराखडा मंजूर होतो.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ३१ नुसार जिल्ह्याचा आराखडा स्थानिक प्राधिकरणांशी विचारविनिमय करून करायचा असतो आणि दरवर्षी त्याचा आढावा घ्यायचा असतो. गावात चर्चाच झाली नसेल, तर वर जातो तो मागच्या वर्षीचाच कागद, फक्त तारीख बदलून. त्यात बदली झालेल्या तलाठ्याचा नंबरही तसाच राहतो.

प्रश्न : मी सरपंच आहे. सभेत आराखडा पूर्ण वाचतो, 'काही सूचना आहेत का?' असंही विचारतो. कुणी बोलत नाही. काय करावं?

प्रश्न बदला. तयार कागद वाचून झाल्यावर सूचना मागितल्या, की लोकांना वाटतं सगळं ठरलेलंच आहे. त्यांना त्यांच्या माहितीतलं विचारा, तेही फुटांत. सांगलीला आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट आहे. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची ३९ आणि ४३. पातळीच्या बातम्या सगळे ऐकतात, पण 'आयर्विनला ४२ फूट असताना आपला कोणता रस्ता बंद होतो?' हे आराखड्यात सहसा नसतं. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्यांना ते तोंडपाठ असतं.

ग्रामसभेच्या पंधरा दिवस आधी वस्तीवार बैठका घ्या. एकेका बैठकीला १५-२० माणसं पुरेत, वेळ संध्याकाळी धारा काढून झाल्यानंतरची. गावाचा नकाशा जमिनीवर रांगोळीने काढा आणि दोन्ही पुरांच्या पाण्याच्या रेषा लोकांनाच आखू द्या. जिथे वाद होईल तिथे भिंतीवरची खूण पाहून या. मग प्रत्येक दोन फुटांना एक ओळ असा तक्ता करा : कोणता रस्ता गेला, कोणती गल्ली हलवायची, कुठे, कोणत्या वाहनाने.

बायकांची बैठक वेगळी हवीच. नियमित ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची असतेच, तिथेच हा विषय घ्या. बाळंतपण जवळ आलेली कोण, अंथरुणाला खिळलेलं कोण, हे तिथे नावानिशी कळतं. मात्र ही यादी नोटीस बोर्डावर लावू नका, वस्तीच्या जबाबदार माणसाकडे ठेवा.

जनावरांचा विषय टाळू नका. जनावरं सोडून निघायचं नाही म्हणून २०१९ मध्ये कित्येक घरं शेवटपर्यंत थांबली. मोठ्या जनावराला रोज १५ ते १८ किलो हिरवा चारा धरला, तर २०० जनावरांना दिवसाला ३ ते ३.६ टन लागतो. तो कुठून येणार आणि गोठे कोणत्या फुटाला रिकामे करायचे, हे दूधवाल्यांना विचारूनच लिहा.

बोटीबद्दल तर नेमकंच लिहा : किती माणसं, किती लाइफ जॅकेट, कोण चालवणार, पेट्रोल कुठे. ८ ऑगस्ट २०१९ ला पुरात सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला उलटलेल्या बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. काठावर गर्दी झाल्यावर कुणी कुणाचं ऐकत नाही, म्हणून क्षमतेचा आकडा बोटीवर रंगवा आणि चढणाऱ्यांना मोजणारा माणूस आधीच ठरवा.

प्रश्न : आम्ही सूचना दिल्या, पण त्यांचं काय झालं ते कधीच कळत नाही.

सूचना तोंडी देऊ नका. कागदावर चार रकाने करा : सूचना, कोणी करायचं, कधीपर्यंत, नाकारली असल्यास कारण. हा कागद ठरावाला जोडायला लावा. उत्तर मिळालं नाही, तर १० रुपये भरून माहितीच्या अधिकारात मंजूर आराखडा आणि सूचनांवरची कार्यवाही मागा. ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. अर्ज एप्रिलमध्येच करा, म्हणजे पावसाआधी आराखडा हातात येईल. मग त्यातल्या प्रत्येक नंबरवर फोन लावून पाहा आणि जो लागत नाही तो ग्रामपंचायतीला लेखी कळवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा नंबरही त्याच दिवशी तपासा.