सेटर रिटायर झाल्यावर मशीन कोण लावणार?

पत्रं वेगवेगळ्या एमआयडीसींतून येतात, दुखणं तेच: मशीन घेतलं, माणूस घडवायचा राहिला. वर सल्ला घेतला जातो तो शेजारच्या गाळ्यातून.

दोन दिवसांचं 'लीडरशिप ट्रेनिंग' रिसॉर्टवर आहे. सहा सुपरवायझर पाठवू का? (सातपूर, नाशिक)

नको. सहलच काढायची असेल तर बायकापोरांसकट पाठवा, निदान घरचे खूश होतील.

स्किल मॅट्रिक्स (कुणाला कोणतं काम येतं त्याचा तक्ता) ऑडिटच्या आदल्या दिवशी भरतो. चालतं ना? (भोसरी)

नाही. आयएसओ 9001 या गुणवत्तेच्या मानकाचं 7.2 कलम क्षमतेचा पुरावा मागतं, रंगवलेला तक्ता नव्हे.

आमचे सेटर (प्रत्येक कामासाठी मशीन लावून देणारे) मार्चमध्ये रिटायर होतायत. हाताखाली दोन पोरं आहेत, बघून बघून शिकतील ना? (गोकुळ शिरगाव, कोल्हापूर)

मार्चमध्ये जाणार हे त्यांच्या जन्मतारखेवरून तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, आणि पत्र डिसेंबरात येतं!

'बघून बघून'चं एक उदाहरण सांगतो. माझ्या ओळखीच्या एका कारखान्यात जुने सेटर गेले आणि थंडीत सकाळचे पहिले पाच-सात जॉब, म्हणजे मशीनवरचे भाग, रिजेक्ट व्हायला लागले. बोअर, म्हणजे आतलं भोक, मापात बसेना. प्रोग्रॅम तपासला, टूल बदललं, माप तपासायच्या गेजवर संशय घेतला. शेवटी सेटरना घरून बोलावलं. ते येऊन आधी वीस मिनिटं स्पिंडल (मशीनचा फिरणारा दांडा) नुसता फिरवत बसले. गार मशीन आणि तापलेलं मशीन यांचं माप सारखं येत नाही. कोणत्या जॉबला किती ऑफसेट (मापातली दुरुस्ती) द्यायचा, ते त्यांच्या खिशातल्या डायरीत होतं. पोरांनी त्यांना रोज बघितलं होतं. पण साहेब चहा पितायत तोवर मशीन उगाच फिरतंय, एवढंच त्यांना दिसलं होतं.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांसाठी 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाची पद्धत निघाली, पुढे टोयोटानेही ती उचलली. पायऱ्या चारच: पोराची तयारी करणं, करून दाखवणं, त्याच्याकडून करून घेणं, मग लक्ष ठेवणं. आपल्याकडे दुसरीवरच गाडी थांबते. तिसऱ्या पायरीला सेटरने हात मागे बांधून उभं राहायचं, आणि पोराने सेटिंग करता करता प्रत्येक गोष्ट का करतोय ते तोंडाने सांगायचं. 'का' सांगता येईना, तर परत पहिल्यापासून.

आता अवघड भाग. सेटर शिकवत नाहीत, कारण शिकवल्यावर आपली किंमत संपेल असं त्यांना वाटतं, आणि बहुतेक मालक ते खरंही करून दाखवतात. शिकवण्याचे तास शिफ्टमध्ये धरा, त्याचे वेगळे पैसे द्या. त्या तासांत प्रॉडक्शन कमी आलं म्हणून ओरडू नका. मार्चनंतर अर्धवेळ ठेवायचं असेल तर करार कसा करायचा, पीएफचं काय, हे तुमच्या कामगार सल्लागाराला आजच विचारा. आणि तुमच्या सेटरचीही अशी डायरी असेल तर तिची प्रत काढून घ्या. त्यांना विचारून, गुपचूप नव्हे.

उत्तम ऑपरेटरला सुपरवायझर केलं, आता तो पोरांवर नुसता खेकसतो. (चाकण)

माणसं कशी सांभाळायची हे त्याला कुणी शिकवलं होतं? आधी त्याच्याशी बोला. त्याला परत मशीनवर जायचं असेल तर पगार न कापता जाऊ द्या.

34 माणसं आहेत, कंत्राटी धरून. अप्रेंटिस घ्यावेच लागतात का? एजंट म्हणतो स्वस्तात दहा देतो. (इचलकरंजी)

हो. 30 किंवा जास्त माणसं असली की सक्ती आहे, प्रमाण अडीच ते 15 टक्के. तुमच्या 34 वर दहा बसतच नाहीत, म्हणजे एजंटला एक तर कायदा ठाऊक नाही, नाही तर हिशोब. त्याला चहा पाजून वाटेला लावा आणि जिल्ह्याच्या बीटीआरआय कार्यालयात (शिकाऊ उमेदवारांचं काम बघणाऱ्या) जाऊन विचारा. आलेल्या पोराला बर (कापलेल्या धातूच्या कडेची कूस) काढायलाच बसवणार असाल तर तो शिकाऊ नाही, स्वस्त मजूर आहे.

शिकवलेली पोरं दोन हजार जास्त मिळाले की जातात. बाँड लिहून घेऊन मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेतली तर? (अंबड, नाशिक)

प्रमाणपत्रं ठेवून घेतली असतील तर आजच परत करा. बाँडचं म्हणाल तर करार कायद्याचं कलम 27 माणसाला दुसरीकडे काम करण्यापासून अडवू देत नाही. प्रशिक्षणाचा खरा खर्च मागायचा तर तो वाजवी हवा आणि कागदावर दाखवता यायला हवा. इंटरनेटवरून उतरवलेल्या मसुद्यावर सही घेऊ नका, आधी वकिलाला दाखवा.