सेलिन डिऑनची फ्रेंच मैफल: सुरुवात कुठून?

‘टायटॅनिक’च्या पलीकडची सेलिन ऐकायचीय ना? मग १९९६चा ‘लाइव्ह आ पारी’ हा अल्बम लाव. पॅरिसच्या झेनिथ या सभागृहातलं रेकॉर्डिंग आहे, गाणी बहुतेक फ्रेंच. बरीचशी फ्रेंच गीतकार-संगीतकार जाँ-जाक गोल्डमनने तिच्यासाठी लिहिलेल्या १९९५च्या अल्बममधली.

- शफल बंद!
- लगेच शब्दार्थ शोधत बसू नकोस. ‘पूर क त्यू मेम आंकोर’ या गाण्याच्या सुरुवातीला ती जवळजवळ बोलल्यासारखं गाते, मग आवाज हळूहळू चढवते. आधी तेवढंच कान देऊन ऐक.
- मध्ये इंग्रजी गाणी येतात. ओळखीची म्हणून तिथेच रेंगाळणं, ही नवख्यांची हमखास चूक.

१९९९चा स्टाद द फ्रान्सचा अल्बम नंतर ऐक. स्टेडियमच्या गजरात बारकावे हरवतात, असं आपलं माझं मत. स्टुडिओ आवृत्त्यांशी तुलना वगैरे तर सध्या राहूच दे.