गॅस गिझर लावायला निघालास ना, मग आधी हे ऐक

भाऊ, डिसेंबरात नागपूरचा पारा दहाच्या खाली गेला की गिझरचे फोन सुरू होतात. पहिलं काम हाती घेतोयस तर एक गोष्ट पक्की धर. गिझर बाथरूमच्या आत लावायचा नाही, गिऱ्हाईक कितीही म्हणो. बाहेर गॅलरीत, मोकळ्या हवेत लाव. बंद खोलीत ज्योतीला हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड होतो, अन् त्याला ना रंग ना वास.

महाल-इतवारीच्या जुन्या घरांत गॅलरीच नसते. तिथं धुराड्याच्या पाइपाचं मॉडेल घे. पाइप गिझरच्या डोक्यावरून आधी सरळ वर, मग कमीत कमी वळणं घेत बाहेर. उतार कधीच बाहेरच्या बाजूला नको, चढच हवा. तोंडावर टोपी बसव, नाहीतर कबुतरं घरटं करतात. मी एकदा ओंजळभर काड्या काढल्यात.

मग परीक्षा घे. दारं-खिडक्या लाव, स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा सुरू कर, गिझर पेटव अन् धुराड्याजवळ उदबत्ती धर. धूर आत ओढला गेला तर ठीक. खोलीत परत आला तर गिझर लगेच बंद.

गॅसच्या जोडांना साबणाचा फेस लाव, बुडबुडा दिसला की पुन्हा खोल. काडी ओढून गळती बघणारे महाभाग अजून आहेत बाप्पा! सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो, म्हणून जमिनीलगत झरोका ठेव.