मॅव्हरिक म्हणजे मोकाट नव्हे

प्रश्न असा आहे: अमेरिकन टीव्हीवरच्या जुन्या वेस्टर्न मालिकांविषयी लिहिताना ‘मॅव्हरिक’ला (म्हणजे कुणाच्या कळपात न राहता आपल्या मर्जीने चालणाऱ्याला) ‘मोकाट’ म्हटलं तर चालेल का? आणि त्या मालिकांतल्या, घोड्यावरून गावोगाव हिंडणाऱ्या नायकांसाठी मराठीत एखादा नेमका शब्द आहे का?

‘मोकाट’ नको. मॅव्हरिक हे मुळात आडनाव. सॅम्युअल मॅव्हरिक हे टेक्सासातल्या सॅन अँटोनियोचे वकील आणि मोठे जमीनदार. १८३६च्या टेक्सासच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर त्यांची सही आहे. १८४०च्या दशकात कोणाकडून तरी येणं होतं, त्यापोटी सुमारे चारशे गुरं त्यांच्या गळ्यात पडली. त्यांना रस जमिनीत, गुरांत नव्हे. राखणदारानेही लक्ष दिलं नाही, आणि वासरांना मालकीचा डाग द्यायचा राहून गेला. त्यांनी मुद्दाम, तत्त्व म्हणून डाग दिला नाही, अशी कहाणी पुढे रंगवून सांगितली गेली. तिच्यावर फारसा विश्वास ठेवू नये. हा निव्वळ हलगर्जीपणा होता. १८५६मध्ये त्यांनी कळप विकून टाकला, पण तोवर डाग नसलेलं जनावर दिसलं की ते ‘मॅव्हरिकचं’, असं म्हणायची पद्धत पडली होती. गुरांचा शब्द माणसांना, त्यातही पक्षाचं न ऐकणाऱ्या पुढाऱ्यांना, नंतर लागला.

म्हणजे मॅव्हरिकचं मर्म मोकळं सुटण्यात नाही, डाग नसण्यात आहे. टेक्सासच्या माळावर डाग दिलेली गुरंही मोकळीच चरत. आपल्याकडे तर नेमकं उलट चित्र सापडतं. देवाला सोडलेला पोळ मोकाट खरा, कुणाच्याही शेतात शिरतो, पण वृषोत्सर्गात, म्हणजे बैल सोडण्याच्या विधीत, त्याच्या अंगावर त्रिशूळ आणि चक्र डागूनच त्याला सोडायची रीत. अंगावर छाप आहे म्हणून तर त्याला कुणी हात लावत नाही! शब्दशः जाऊन ‘बेदाग’ म्हणावं तर माणूस एकदम चारित्र्यसंपन्न होतो. वासराबद्दल बोलायचं असेल तर ‘बेवारस’ चालेल. माणसाबद्दल असेल तर आपल्याकडे तयार बोली आहे: कुणाच्या दावणीला न बांधलेला. ‘त्या पक्षातला मॅव्हरिक’पेक्षा ‘तो कुणाच्याच दावणीला नाही’ हे कुणालाही चटकन कळतं.

त्याच नावाची मालिका सप्टेंबर १९५७मध्ये एबीसी वाहिनीवर सुरू झाली. तिथे मॅव्हरिक हे नायकाचं आडनावच असल्यामुळे भाषांतराचा प्रश्न येत नाही. जेम्स गार्नरचा ब्रेट मॅव्हरिक हा पत्ते खेळून पोट भरणारा, मारामारी टाळता आली तर आनंदाने टाळणारा आणि जरा काही झालं की ‘आमचे बापू म्हणायचे’ छापाची वचनं फेकणारा गडी. कोटाच्या आत हजार डॉलरची एक नोट टाचलेली, अगदीच अडलं तर. एक भाग चित्रित व्हायला आठवड्याहून जास्त वेळ लागे आणि भाग तर दर आठवड्याला हवा. म्हणून बार्ट हा भाऊ (जॅक केली) आणला आणि दोघांनी आलटून पालटून भाग वाटून घेतले. सोय कारखान्याची, पण कुटुंब वाढलं.

आता हिंडणाऱ्या नायकांचं. ‘भटक्या’ हा शब्द मी टाळेन, कारण आज तो ऐकताच ‘भटके-विमुक्त’ आठवतात आणि तो संदर्भ अगदी वेगळा आहे. ‘फिरस्ता’ वाईट नाही, पण त्याला विक्रेत्याचा वास येतो. मला आवडतो तो ‘सडाफटिंग’. ‘सडा’ म्हणजे लटांबर नसलेला. सामानसुमान मागे ठेवून दौडणारी ती ‘सडी फौज’. ‘शायॅन’ मालिकेतला (१९५५पासून) क्लिंट वॉकरचा शायॅन बोडी घ्या. आज या गावात, पुढच्या भागात दुसऱ्या; घर नाही, दार नाही, धंदाही दर वेळी वेगळा. यालाच सडाफटिंग म्हणायचं. शब्दात थोडी थट्टा आहे, ती त्या उंचपुऱ्या, गंभीर माणसाला सोसवते.

‘हॅव गन, विल ट्रॅव्हल’ (१९५७ ते १९६३) मधल्या पॅलाडिनला मात्र हा शब्द लावू नये. रिचर्ड बूनचा हा नायक सॅन फ्रान्सिस्कोच्या कार्लटन हॉटेलात ऐटीत राहतो आणि काळे कपडे घालून कामगिरीवर निघतो. त्याच्या कार्डावर बुद्धिबळातला पांढरा घोडा, खाली मालिकेचंच नाव आणि तार कुठे करायची तो पत्ता. बंदूक त्याची, मर्जी त्याची, मोल घेऊन काम. पेशवाईतले ‘एकांडे’ स्वार कुणाच्या पथकात न राहता आपल्या घोड्यानिशी एकटे चाकरीला येत. आज आपण ‘एकांडा शिलेदार’ असं जोडून म्हणतो. पॅलाडिन तोच.

गंमत म्हणजे त्याचं नाव नेमकी उलटी गोष्ट सांगतं. पॅलाडिन म्हणजे मध्ययुगीन युरोपातल्या शार्लमेन राजाच्या खास सरदारांपैकी एक. मूळ लॅटिन ‘पॅलाटिनस’, राजवाड्याशी संबंधित, म्हणजे खाशा धन्याच्या तैनातीतला. मराठेशाहीच्या भाषेत सांगायचं तर हुजुरातीतला. नाव हुजुरातीचं आणि चाकरी एकांड्याची. मालिका लिहिणाऱ्यांनी ही विसंगती जाणून घातली असेल तर त्यांना दाद द्यायला हवी.

‘गनस्मोक’च्या मॅट डिलनला यातलं काहीच लावू नका. १९५५ ते १९७५ अशी वीस वर्षं तो डॉज सिटीचाच मार्शल होता; त्याला सरळ कोतवाल म्हणा.