मुलीला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी आहे, तरी लॅब्राडूडल पाळता येईल का? त्याची निगा कशी राखायची?

तुम्ही लिहिलंय की मेलबर्नला नुकतेच आलात, मुलगी कुत्र्याजवळ गेली की शिंकायला लागते, आणि ब्रीडर म्हणतो की लॅब्राडूडलने अ‍ॅलर्जी होतच नाही. मीही मेलबर्नमध्येच राहते. आमच्या घरी लॅब्राडूडल आहे, चिंगी. तिच्यावर माझा फार जीव आहे, आणि तरीही सांगते: ब्रीडरच्या या एका वाक्यावर विसंबून पैसे भरू नका.

लॅब्राडूडल म्हणजे लॅब्राडोर आणि पूडलचा संकर. तो लोकप्रिय झाला तो इथूनच, व्हिक्टोरिया राज्यातून. १९८० च्या दशकाच्या अखेरीस अंधांसाठी कुत्रे तयार करणाऱ्या इथल्या संस्थेत वॉली कॉनरन प्रजननाचं काम बघत होते. हवाईतल्या एका अंध बाईंना मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती. कॉनरन यांनी लॅब्राडोर आणि स्टँडर्ड, म्हणजे मोठ्या आकाराच्या, पूडलचा संकर केला, तीन पिल्लं झाली, आणि तिघांचे केस व लाळ हवाईला तपासायला पाठवली. त्रास झाला नाही तो फक्त एकाचा, सुलतानचा. म्हणजे त्या पहिल्या वेतातच सख्ख्या भावंडांमध्ये एवढा फरक होता! अ‍ॅलर्जी मुळात केसांची नसतेच. ती कुत्र्याच्या लाळेतल्या आणि कोंड्यातल्या प्रथिनांची असते, आणि ती प्रथिनं प्रत्येक कुत्र्यात असतात. २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी अशा ‘अ‍ॅलर्जी न करणाऱ्या’ कुत्र्यांच्या घरातली हवा तपासली, तर त्या प्रथिनाचं प्रमाण इतर कुत्र्यांच्या घरांइतकंच निघालं.

तेव्हा जे पिल्लू घ्यायचं त्याच्याबरोबर मुलीला वेगवेगळ्या दिवशी तासभर खेळू द्या, त्याला तिचे हात चाटू द्या. तिला दम्याचा त्रास असेल, तर मात्र हेसुद्धा आधी डॉक्टरांना विचारूनच करा.

अ‍ॅलर्जीचं जमलं, तर स्वभावाची काळजी नको. लॅबचा माणूसवेडेपणा आणि पूडलची हुशारी बहुधा उतरतेच. मुलांशी छान जमतं, शिकवलेलं पटकन कळतं. पण स्टँडर्ड आकाराचा कुत्रा २५-३० किलोंचा होतो, त्यामुळे अंगावर उडी न मारण्याची सवय लहानपणीच लावा. रोज तासभर तरी फिरवणं, पळवणं हवं. दिवसभर एकटं ठेवाल तर तो भुंकेल, सोफे कुरतडेल. दोघंही नोकरीवर जात असाल, तर याचा आधी विचार करा.

खरं काम आहे ते केसांचं. केस लॅबसारखे सरळ येतील, सैल कुरळे येतील की पूडलसारखे लोकरी, हे आधी छातीठोक सांगता येत नाही. जितके लोकरी, तितके कमी गळतात. पण कमी गळतात म्हणजे सुटलेला केस अंगावरच अडकतो आणि त्याच्या जटा होतात. वरून कुत्रा मऊ, गुबगुबीत दिसतो आणि खाली कातडीलगत नमद्यासारखा थर जमलेला असतो. म्हणून नुसता वरवर ब्रश फिरवून उपयोग नाही. एका हाताने केस वर धरायचे, खालची कातडी दिसली पाहिजे, मग तिथून थोडे थोडे केस सोडत स्लिकर ब्रशने (बारीक वाकड्या तारांच्या ब्रशने) विंचरायचं आणि शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून फिरवायचा. कंगवा अडला की तिथे गुंता आहे. कानांमागे, काखेत, पट्ट्याखाली हमखास सापडतो. एक दिवसाआड हे करायचंच. साधारण आठ ते चौदा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येतात, तेव्हा तर रोज. आंघोळ विंचरल्यावरच घाला, कारण भिजलेला गुंता आणखी आवळतो. शिवाय दर सहा-आठ आठवड्यांनी ग्रूमरकडे (कुत्र्यांचे केस कापणाऱ्याकडे) न्यावं लागतं, तो खर्च धरून चाला.

लोंबत्या कानांत ओल राहते. पोहून आला की कान कोरडे करा, वास आला की व्हेटकडे न्या. उन्हाळ्यात इथल्या वाळक्या गवताची कुसळं बोटांमध्ये शिरतात आणि कातडीत घुसत जातात. फिरून आल्यावर प्रत्येक पंजा बोटं फाकवून बघा.

आपल्या स्वयंपाकघराचंही सांगायला हवं. कांदा, लसूण, द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्यांना विषारी असतात. पाहुणे लाडाने बेदाणे घातलेला शिरा किंवा लाडू भरवतात, त्यांना आधीच बजावून ठेवा. लॅबचं रक्त असल्याने खा-खा असते, म्हणून जेवण मोजूनच द्या.

पिल्लू घेताना त्याची आई प्रत्यक्ष बघा. आईबाप दोघांच्या खुब्याचे आणि कोपरांचे एक्स-रे अहवाल मागा, आणि पीआरए या डोळ्यांच्या आजाराची डीएनए तपासणीही. हा आजार लॅबमध्येही असतो आणि पूडलमध्येही, त्यामुळे संकर आहे म्हणून पिल्लू आपोआप निरोगी असेल असं नाही. व्हिक्टोरियात विक्रीच्या जाहिरातीत मायक्रोचिप नंबर आणि सोर्स नंबर (विकणाऱ्याचा नोंदणी क्रमांक) देणं बंधनकारक आहे, आणि पिल्लू तीन महिन्यांचं होईपर्यंत कौन्सिलकडे, म्हणजे इथल्या पालिकेकडे, त्याची नोंदणी करावी लागते. जो ब्रीडर आई दाखवायला किंवा हे नंबर द्यायला टाळाटाळ करेल, त्याच्याकडून पिल्लू घेऊ नका.