मार्क क्युबननं हात आखडता घेतला, ते चुकलंच का?

प्रश्न : भाऊ, शिवाजी नगरच्या ग्राउंडवर प्रॅक्टिस संपली की आमचं भांडण ठरलेलं. 2011 ला डॅलस मॅव्हरिक्स NBA ची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, चॅम्पियन झाली आन् त्याच वर्षी मालक मार्क क्युबननं उंचपुऱ्या सेंटर टायसन चँडलरसकट चारपाच प्लेयर जाऊ दिले. सीनियर लोक म्हणतात नवीन नियम येत होते म्हणून थांबला, हुशार माणूस. मला नाही पटत. एवढा पैसेवाला, मग काहून थांबला?
- एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : सीनियर लोकांचं नियमांबद्दलचं म्हणणं खरं आहे, पण चँडलरच्या बाबतीत मी तुमच्या बाजूनं आहे.

आधी एक सांगतो, क्युबन कंजूस नव्हता. जानेवारी 2000 मध्ये 28.5 कोटी डॉलरला टीम घेतली आणि पुढे वर्षानुवर्षं लक्झरी टॅक्स (प्लेयर्सचे पगार ठरलेल्या रकमेच्या वर गेले की लीगला भरायचा दंड) भरत आला बिचारा, आणि 2011 च्या जूनमध्ये मायामी हीटला 4-2 नं हरवून एकदाचं गंगेत घोडं न्हालं. पण 1 जुलैपासून लॉकआउट लागला, म्हणजे प्लेयर्सशी करार होईना म्हणून मालकांनी लीगलाच टाळं लावलं, डिसेंबरपर्यंत सगळं बंद, 82 च्या ऐवजी 66 मॅचचा सीझन झाला आणि जो नवा करार आला त्यात लीगच्या कमाईतला प्लेयर्सचा वाटा 57 टक्क्यांवरून 50 च्या आसपास आला. मालकांना खर्चाला लगाम हवा होता, तो टॅक्समध्ये घातला.

टॅक्सचं गणित असं, की पगाराची एक लाइन ठरलेली असते, जुन्या नियमात तिच्यावर एक डॉलर गेला की एक डॉलर दंड, संपला विषय. नव्या नियमात वीजबिलासारखे स्लॅब आले : पहिल्या 50 लाखांवर दीडपट, पुढच्या 50 लाखांवर पावणेदोन पट, मग अडीच, मग सव्वातीन. म्हणजे लाइनच्या वर 2 कोटी डॉलर गेले तर आधी दंड 2 कोटी, आता 4.5 कोटी! वरून सतत टॅक्स भरणाऱ्याला आणखी जास्त, आणि फार वर गेलेल्या टीमला साइन-अँड-ट्रेडनं (जुनी टीम प्लेयरशी नवा करार करून लगेच त्याला दुसरीकडे पाठवते तसं) प्लेयर घेणं बंद. क्युबननं विचार केला की बाकीचे यात अडकतील तेव्हा आपल्याकडे कॅपमध्ये, म्हणजे टीमच्या एकूण पगाराच्या मर्यादेत, जागा मोकळी असेल, मोठा स्टार उचलू. नियम त्यानं बरोबर वाचले होते, ओक्लाहोमाची टीम 2012 ला फायनल खेळली आणि ऑक्टोबरमध्ये आपल्या जेम्स हार्डनला ह्यूस्टनला देऊन मोकळी झाली ते याच पैशाच्या भीतीनं.

आता माझा आक्षेप. ते स्लॅब लागू झाले 2013-14 पासून! दोन सीझन जुन्याच दरानं टॅक्स होता. डॅलसचा मोठा स्टार डर्क नोविट्झकी तेव्हा 33 वर्षांचा, त्याच्याकडे थांबायला वेळ कुठे होता? दोन वर्षं सगळ्यांना घेऊन पुन्हा लढायचं, मग वाटलं तर चँडलरचा करार कोणाला तरी ट्रेड करायचा, असं करता आलं असतं. आणि चँडलर काय होता हे पॉइंट्सच्या रकान्यात दिसत नाही हो. जुने व्हिडिओ लावा, शॉट चुकला की गर्दीत दोन हातांनी बॉल धरायच्या भानगडीत न पडता तो एका हातानं टॅप करून मागे उभ्या गार्डकडे ढकलायचा, डॅलसला बास्केट करायची आणखी एक संधी मिळायची. डर्कची डिफेन्समधली कमी पण तोच भरून काढायचा. न्यूयॉर्क निक्सनं त्याला चार वर्षांसाठी जवळपास 5.8 कोटी डॉलर दिले आणि पहिल्याच वर्षी तो लीगचा डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयर झाला. डॅलसनं लेकर्सकडून लामार ओडम आणला, तो एप्रिलमध्येच टीमपासून वेगळा झाला, आणि प्लेऑफच्या पहिल्याच राउंडमध्ये ओक्लाहोमानं 4-0 केलं.

आणि ज्या स्टार लोकांसाठी जागा मोकळी केली ते आले का? 2012 ला डेरॉन विल्यम्स, डॅलसजवळच वाढलेला पोरगा, नेट्सकडेच राहिला, आणि त्या बोलणीच्या वेळी क्युबन स्वतः टीव्ही शोच्या शूटिंगला होता, हे मला आजही खटकतं. 2013 ला ड्वाइट हॉवर्ड ह्यूस्टनला गेला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागले, दुसरं काय. 2012-13 ला 41-41, प्लेऑफ नाही. डर्क 2019 पर्यंत खेळला पण त्या टायटलनंतर प्लेऑफची एकही सिरीज जिंकला नाही, याचं वाईट वाटतं राजेहो.

प्रश्न : मग 2025 ला बोस्टननं पण तेच केलं ना?
- तोच वाचक

उत्तर : वरवर तेच. 2024 ची चॅम्पियन टीम, पुढच्याच उन्हाळ्यात ज्रू हॉलिडे आणि पोर्झिंगिसला पाठवून दिलं. पण 2023 च्या कराराचा सेकंड एप्रन, म्हणजे टॅक्सच्या लाइनच्याही बरीच वरची पगाराची दुसरी लाइन, तेव्हा लागू झालेला होता, त्याच्या वर गेलं की दोन प्लेयरचे पगार जोडून एक मोठा प्लेयर ट्रेडमध्ये आणता येत नाही, आणि बोस्टनचा स्टार टेटमचा अकिलीस (टाचेमागचा स्नायुबंध) तुटलेला, म्हणजे तो वर्षभर जवळपास बाहेर. बोस्टननं नाइलाजानं केलं. क्युबनच्या हातात दोन वर्षं होती.